शेवटच्या आकड्यात एक मिळवा

देवळाली प्रवरात ऋषी सरांचं घर कुणालाही विचारलं तरी सापडायचं. नृसिंह ऋषींनी गावच्या हायस्कुलात छत्तीस वर्षं गणित शिकवलं होतं, त्यामुळे निम्म्या गावाने त्यांच्याकडून मार्क तरी घेतले होते किंवा मार तरी खाल्ला होता. बायको, प्रेमला, जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांना मुली दोन, दोघी त्यांना अण्णा म्हणत. थोरली मधुवंती गावातच, चार गल्ल्या सोडून राहायची आणि राहुरीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. धाकटी देवश्री तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. ती पुण्यात खराडीला राहायची, एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या जागेवर होती.

घराच्या मागे ऊस होता. ऊसतोड सुरू झाली की बिबट्या दिसल्याच्या बातम्या यायच्या, पण त्या जानेवारीत बिबट्या आला नाही, चोर आले. दोन घरं सोडून एका बंद बंगल्याचं कुलूप तोडून दागिने नेले. हे देवश्रीला फोनवर कळलं आणि पुढच्याच रविवारी ती नगरहून अलार्म बसवणाऱ्या एका माणसाला गाडीत घालून घेऊन आली.

मधुवंती नेहमीसारखी डबा घेऊन पोचली तेव्हा दारात शिडी लावलेली होती. तो माणूस चौकटीवर पांढऱ्या डब्या बसवत होता. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, हातात वही घेऊन दाराशेजारच्या भिंतीसमोर उभे होते. भिंतीवर आकड्यांच्या बटणांचा एक लहानसा फलक नवा बसला होता.

"ये मधू," अण्णा म्हणाले. "हा कीपॅड. बाहेर जाताना आपला नंबर दाबायचा आणि हे बटण. घरात झोपताना हे दुसरं. मग कुणी दार-खिडकी उघडली की भोंगा वाजणार. आपण आलो की तीस सेकंदांत नंबर दाबायचा, नाहीतर आपल्यावरही वाजणार. सोपं आहे."

"सगळ्यांना एकच नंबर?"

"छे. प्रत्येकाला वेगळा. म्हणजे कोण कधी आलं, कधी गेलं, ते कळतं. घरात कुणी असेल तर निघताना नुसता नंबर दाबायचा. एक नंबर देवश्री, तिला सगळं बदलता येतं. दोन नंबर मी. तू तीन."

"तीन का?"

अण्णांना प्रश्न समजला नाही. "क्रमाने दिलेत," ते म्हणाले.

कुठल्या क्रमाने, हे मधुवंतीने विचारलं नाही. तिने डबा ओट्यावर ठेवला. आत देवश्री त्या माणसाला चहा देत होती आणि मोबाईलवर काहीतरी दाखवून विचारत होती. तिने वर बघून म्हटलं, "ताई, आता तुला काळजी नाही बघ."

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीही देवश्रीच्या बोलण्यात ती एक गोष्ट होती, की सगळं तिच्यामुळे सुरू झालं आणि तिच्यामुळेच नीट झालं. मधुवंतीला ती लहानपणापासून ऐकू यायची. अण्णांना आली नव्हती.

जेवणं झाल्यावर अण्णांनी शिकवणी घेतली. मधुवंतीचा नंबर ४७१३. तो त्यांनी तिच्याकडून पाच वेळा दाबून घेतला. मग त्या माणसाने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि अण्णा तिच्यावर इतके खूश झाले की त्यांनी ती वहीत वेगळ्या पानावर लिहिली. समजा, कुणी चाकू दाखवून तुम्हाला दार उघडायला लावलं, तर आपल्या नंबराच्या शेवटच्या आकड्यात एक मिळवायचा. चोराला काही कळत नाही. कीपॅड नेहमीसारखा गप्प होतो, भोंगाही वाजत नाही. पण एक नंबरच्या मोबाईलवर लाल अक्षरांत निरोप जातो की घरात कुणीतरी संकटात आहे.

"म्हणजे माझा ४७१४," मधुवंती म्हणाली.

"बरोबर. आणि एकदा हा निरोप गेला की घरातलं कुणी फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणालं तरी विश्वास ठेवायचा नाही. कारण चोर शेजारी उभा असू शकतो." अण्णांनी देवश्रीकडे पाहिलं. "काय डोकं लढवलंय ना?"

जणू देवश्रीनेच ते लढवलं होतं.

मधुवंतीचा दिवस ठरलेला होता. अण्णा साडेसहाला पाटाच्या कडेने फिरायला निघत आणि आठला परत येत. मधुवंती पावणेआठच्या आत स्कूटरवरून यायची, दार उघडून चहा टाकायची, दूध तापवायची, पोळ्या करायची. अण्णा आले की दोघं चहा घेत. त्यांची रक्तदाबाची गोळी ती हातावर ठेवायची. नऊला पाच कमी असताना ती राहुरीला निघायची. तीन वर्षं ती कुणाला काही न सांगता हे करत होती. घर उघडायला किल्ली होती, आणि ती कधी आली, कधी गेली हे फक्त तिला माहीत होतं.

आता दार उघडलं की कीपॅड बीप बीप करू लागायचा. एका हातात डबा, खांद्याला पर्स, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी. तीस सेकंद म्हणजे फार वेळ असतो, पण बीपचा आवाज शेवटी शेवटी घाईला यायचा आणि तिचीही बोटं घाईला यायची. नंबर दाबला की कीपॅड गप्प. आणि मग, दोन-तीन मिनिटांत, देवश्रीचा मेसेज.

आठवड्यातून एक-दोनदाच यायचा तो, पण यायचा. 'ताई, आज ७:५८?' किंवा 'आज लवकर निघालीस, ८:४०. कॉलेजात काही आहे?' एकदा स्कूटर पंक्चर झाली आणि ती सव्वाआठला पोचली. मेसेज आलेलाच होता. 'ताई, सगळं ठीक? अण्णांची गोळी?'

मधुवंतीने लिहिलं, 'हो.' मग ओट्याशी उभी राहून तिने कणीक इतक्या जोरात मळली की परात सरकत गेली. एकशे चाळीस किलोमीटरवर बसून ही माझी हजेरी घेते, तिला वाटलं. मी पोळ्या लाटायच्या आणि हिने घड्याळ बघायचं.

त्याहूनही अण्णांचं वागणं तिला लागायचं. घरी कुणीही येवो, अण्णा त्याला कीपॅड दाखवत. जुना विद्यार्थी, पोस्टमन, गॅसवाला, सगळ्यांना. मागच्या वस्तीवरचा कानिफनाथ एका संध्याकाळी पेरू घेऊन आला, त्यालाही दाखवला. कानिफनाथ पन्नाशीचा शेतकरी, सरांचाच विद्यार्थी.

"देवश्रीने बसवून दिलं," अण्णा सांगत होते. "ती तिकडे असली तरी तिचं लक्ष असतं इथे. दिवसरात्र."

"लई चांगलं केलं ताईंनी," कानिफनाथ म्हणाला. मग आतून पाणी घेऊन येणाऱ्या मधुवंतीकडे बघून म्हणाला, "आन् या ताई हायेतच की जवळ."

"हो, ही येते रोज," अण्णा म्हणाले.

मधुवंतीने पाण्याचा तांब्या ठेवला. तिचं लक्ष असतं, आणि ही येते. घरी जाताना सगळ्या रस्त्यात तिच्या डोक्यात तेवढंच होतं. नवऱ्याला, केदारला, तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, बोलायची पद्धत असते एकेकाची." त्याचं बरोबर असेल. पण पद्धत दोघींसाठी वेगळी का होती, हे त्याला सांगता आलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी अण्णा उठले आणि कीपॅडवर रात्रीचा पहारा चालू आहे हे विसरून फुलं काढायला मागचं दार उघडून बसले. भोंगा वाजला. त्या आवाजात त्यांना स्वतःचा नंबर आठवेना. त्यांनी फोन उचलून देवश्रीला लावला, आणि देवश्रीने खराडीतून, अंथरुणातून, मोबाईलवरून भोंगा बंद केला.

मधुवंतीला हे कळलं पावणेआठला, फाटकाशी, कानिफनाथकडून.

"ताई, सकाळी भोंगा लई वरडला. मी पळत आलो तर सर आपले वट्यावर बसलेले. म्हनले, देवश्रीनं बंद केला."

मधुवंती आत गेली. अण्णा पेपर उघडून बसले होते. चेहरा अजून उतरलेला होता.

"मला का नाही फोन केला?"

"तू काय केलं असतंस?" अण्णा म्हणाले. त्यात राग नव्हता, ते खरंच विचारत होते. "ते तिच्या मोबाईलवरून बंद होतं."

"मी पाच मिनिटांत आले असते."

"तोवर वाजत राहिला असता ना गं."

उत्तर गणिताच्या दृष्टीने बिनचूक होतं. मधुवंतीने चहा टाकला. त्या दिवशी तिने स्वतः चहा घेतला नाही आणि अण्णांच्या ते लक्षात आलं नाही.

प्रेमलाबाईंचं श्राद्ध मार्चमध्ये आलं. देवश्री येणार होती, आदल्या रात्री तिचा फोन आला की जमत नाही, कंपनीत काहीतरी अडलंय. मधुवंतीने रजा घेतली होती. पहाटेपासून ओल्या साडीत तिने सगळा स्वयंपाक केला, गुरुजींचं वाढलं, भांडी आवरली. दुपारी अण्णा स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "देवूसाठी थोड्या वड्या डब्यात काढून ठेव. आली की खाईल. फार धावपळ होते बिचारीची."

मधुवंतीने अळूच्या सहा वड्या डब्यात घातल्या आणि डबा फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवला. तिला स्वतःची लाज वाटली, पण तरी तिने मनातल्या मनात ठरवलं की त्या खराब झाल्या तर बरं होईल.

ते गुरुवारी. शनिवारी कॉलेज अर्धा दिवस होतं. साडेतीनच्या सुमारास ती राहुरीहून थेट अण्णांच्या घरी आली. अण्णा त्या वेळी वाचनालयात असत, पाचपर्यंत. तिने कुलूप उघडलं. कीपॅड बीप करू लागला. तिने हात वर केला, चार, सात, एक दाबले, आणि बोट तीनवर नेलं.

तिथे ते थांबलं. नंतर कुणी विचारलं असतं की काय विचार केलास, तर तिला सांगता आलं नसतं. देवश्री आत्ता काय करत असेल, एवढं डोळ्यांसमोर आलं. शनिवारची दुपार. झोपली असेल, सिनेमाला गेली असेल. मोबाईल पर्समध्ये पडलेला असेल. बघू तरी, दिवसरात्र लक्ष असतं म्हणजे किती असतं.

बीप घाईला आले. मधुवंतीने चार दाबला.

कीपॅड गप्प झाला, अगदी नेहमीसारखा. हिरवा दिवा लागला. ती तशीच उभी राहिली. घरात काहीही झालं नाही. बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या टेपचं गाणं लांब गेलं. तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, तीन चाळीस. चहा टाकला. तो उकळेपर्यंत पाच मिनिटं गेली, कुणाचा फोन नाही. तिच्या छातीत एक गोड, वाईट अशी ऊब पसरली. बघा अण्णा, तिने मनात म्हटलं, हे तुमचं लक्ष. अण्णांना ते कसं सांगायचं, कुठल्या शब्दांत, म्हणजे आपण चुगली केली असं वाटणार नाही, याची वाक्यं ती जुळवू लागली.

तिचा स्वतःचा फोन स्कूटरच्या डिकीत होता. कॉलेजात असते म्हणून आवाज बंद केलेला.

चहा गाळत असताना पुढचं लोटलेलं दार धाडकन उघडलं. कानिफनाथ कोयता घेऊन आत आला होता, त्याच्यामागे ऊसतोडीची दोन माणसं. तिघंही धापा टाकत होते. कानिफनाथने आधी तिच्या मागे पाहिलं, मग दाराआड, मग तिच्याकडे.

"ताई, कोन हाय घरात?"

"कुणी नाही. काय झालं?"

"देवश्रीताईंचा फोन आल्ता. रडत हुत्या. म्हनल्या घरात कोनीतरी शिरलंय, ताईला धरलंय, पळा. सर कुठं हायेत?"

"वाचनालयात." तिच्या हातातली गाळणी कलंडली आणि चहा ओट्यावर सांडला. "अहो, काही नाही. माझ्याकडून चुकून नंबर चुकला."

कानिफनाथने कोयता खाली केला, पण ठेवला नाही. त्याने फोन लावून तिच्या हातात दिला.

"ताई," देवश्रीचा आवाज मधुवंतीला ओळखू आला नाही. "शेजारी कुणी उभं आहे का? फक्त हो किंवा नाही म्हण."

"देवू, काही झालेलं नाही. चुकून दाबला गेला. कानिफनाथ उभे आहेत फक्त."

"अण्णा कुठे?"

"वाचनालयात."

"मग फोन का उचलत नाहीत?"

टेबलावर चार्जरला लावलेला अण्णांचा फोन मधुवंतीला तिथून दिसत होता. "फोन घरी विसरलेत. देवू, ऐक माझं, खरंच सगळं ठीक आहे."

सगळं ठीक आहे म्हणालं तरी विश्वास ठेवायचा नाही, हे अण्णांनी दोघींना एकत्रच शिकवलं होतं.

"मी निघालेय," देवश्री म्हणाली. "खराडी सोडली मी. पोलिसांना सांगितलंय." आणि फोन बंद झाला.

अण्णा पाच वाजता काठी टेकत गल्लीत वळले तेव्हा घरासमोर पोलिसांची गाडी आणि पंधरा-वीस माणसं उभी होती. मधुवंतीने त्यांना लांबून पाहिलं. ते मध्येच थांबले. मग त्यांनी काठी उचलून हातात धरली आणि ते जवळजवळ पळत आले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. फाटकाशी त्यांचा तोल गेला. कानिफनाथने त्यांना धरून बाहेरच्या ओट्यावर बसवलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"मधू कुठंय?" ते विचारत होते. मधुवंती समोरच उभी होती. "मधू कुठंय?"

"मी इथे आहे अण्णा."

त्यांनी तिचा हात मनगटापाशी पकडला आणि बराच वेळ सोडला नाही. हवालदार समोर वही घेऊन उभा होता. तो चांगला माणूस होता, त्याला फक्त कागद पुरा करायचा होता. "बाईंकडून चुकीचा नंबर दाबला गेला म्हणतात," त्याने सांगितलं. "कसा काय, ते लिहावं लागंल."

"तीनऐवजी चार दाबला गेला," मधुवंती म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेला नजर देणं तिला जमलं नाही. चार आकड्यांतले तीन बरोबर, आणि शेवटचा नेमका एकाने जास्त. हे चुकून होणं अशक्य नव्हतं, पण आयुष्यभर मुलांच्या पेपरात कॉपी कुठे आणि चूक कुठे हे ओळखणाऱ्या माणसाला समजायला तेवढं पुरेसं होतं.

"माझी चूक," अण्णा हवालदाराला म्हणाले. "मी तिला नीट शिकवलं नाही. असं लिहा."

त्याने तसं लिहिलं. गर्दी पांगली. मग अण्णांनी देवश्रीला फोन लावला. "बाळ, मी बोलतोय. मी ठीक आहे, ताई ठीक आहे. तू परत फिर हवं तर." त्यांचा आवाज इतका मऊ होता की मधुवंतीला, जिच्यासाठी ते आत्ताच पळत आले होते, पुन्हा तोच जुना हेवा वाटला. आपल्याला हे अजूनही होतंय, या क्षणीही, याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

देवश्री परत फिरली नाही. सव्वासातला तिची गाडी दारात थांबली. घरातल्या कपड्यांवर ओढणी तेवढी घेतलेली, केस विस्कटलेले. ती आत येऊन अण्णांसमोर बसली, त्यांचे दोन्ही पाय हातांनी चाचपले, जणू कुठे मोडलंय का ते बघतेय. मग उठून स्वयंपाकघरात आली. मधुवंती पिठलं करत होती.

देवश्री फ्रिजला टेकून खालीच बसली. पिठल्याला गुठळ्या झाल्या होत्या. मधुवंतीने गॅस बारीक केला.

"मी मुद्दाम दाबला," ती म्हणाली. पाठमोरीच म्हणाली.

देवश्रीने ओढणी काढून मांडीवर घेतली.

"मला बघायचं होतं तुझं लक्ष असतं का."

"शिरूरच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली होती," देवश्री म्हणाली. "उलटी झाली मला. मनात येत होतं की तिथे पोचले आणि दोघंही नसले तर कानिफनाथ दारात काय बोलेल. ते वाक्य मी त्याच्या आवाजात ऐकत होते, ताई."

मधुवंती वळली. तिला वाटलं होतं देवश्री ओरडेल, आणि ओरडली असती तर तिच्याकडे उत्तरं तयार होती. हजेरीची, श्राद्धाची, वड्यांची.

"तू माझी वेळ तपासतेस," ती तरीही म्हणाली. "सात अठ्ठावन्न, आठ चाळीस. मी नोकर आहे का तुझी?"

देवश्रीने मान वर केली. तिला खरंच हे माहीत नव्हतं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"तपासत नाही," ती म्हणाली. "मी बघते. सकाळी मोबाईल वाजतो, तीन नंबर, सात बेचाळीस. म्हणजे ताई आली. मग मी चहा ठेवते. मला माहीत असतं, तूही ठेवला असशील. मग आठ पंचावन्न. म्हणजे ताई निघाली. मधल्या वेळात तुम्ही दोघं बसलेले असता. ते मला दिसत नाही."

"त्यात बघण्यासारखं काय आहे?"

"अण्णा माझ्याशी काय बोलतात माहीत आहे? बॅटरी किती टक्के. कुठल्या खिडकीचा सिग्नल कमी आहे. रोज तेच. मी ही सिस्टीम बसवली तेव्हा मला वाटलं, निदान या निमित्ताने तरी फोन होईल. होतो. बॅटरीवर होतो." तिने ओढणीने नाक पुसलं. "तुझ्याशी काय बोलतात?"

मधुवंतीला सगळं आठवलं. आदल्या दिवशीच अण्णांनी तिला विचारलं होतं, प्रेमला आमटीत गूळ आधी घालायची की मागून. सोमवारी ते म्हणाले होते की पाटावर एक खंड्या रोज त्याच तारेवर बसतो, आणि एखाद्या दिवशी दिसला नाही की त्यांना चुकल्यासारखं होतं. एकदा तर चहा पिता पिता ते रडले होते, नंतर पेपर उघडून बसले. असं पुष्कळ होतं. देवश्री खाली बसून वाट बघत होती, आणि मधुवंतीच्या लक्षात आलं की ही बहीण, जिचा आपण आयुष्यभर हेवा केला, आज आपल्यापुढे हात पसरून बसलीय. थोडंसं द्यायचं, एवढंच.

"विशेष काही नाही," मधुवंती म्हणाली.

ते तोंडातून गेल्यावर तिला आवडलं नाही. पण तिने ते परत घेतलं नाही. ताटं घेतली, तिघं जेवली. गुठळ्यांचं पिठलं अण्णांनी दोनदा मागून घेतलं.

मधुवंती निघताना दारात देवश्री म्हणाली, "तुझे मेसेज मी बंद करते. तू कधी आलीस, गेलीस, ते मला येणार नाही. बटण असतं तसं."

मधुवंतीने चप्पल घातली. हेच तर दोन महिने हवं होतं. उद्या सकाळी ती येईल आणि कुणालाही कळणार नाही. खराडीत कुणी चहा ठेवणार नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "बंद करू नकोस."

रविवारी सकाळी ती पोचली तेव्हा पावणेआठ होत आले होते. देवश्रीची गाडी उभी होती, दार उघडं होतं, कीपॅडवर हिरवा दिवा. अण्णा आज फिरायला गेले नव्हते. पडवीत दोन कप आणि दोन खुर्च्या. मधुवंती फाटकाच्या आत, जास्वंदीपाशी आली तेव्हा तिला अण्णांचा आवाज ऐकू आला.

"दुपारची भीती वाटते मला," ते सांगत होते. "रात्रीची नाही वाटत. जेवण झालं की तीन-साडेतीनला घर असं होतं, की मी उठून मोठ्याने पाढे म्हणतो. एकोणतिसाचा, सदतिसाचा. म्हणून तर वाचनालयात जातो. वाचायला कुठे दिसतं आता मला."

देवश्री काहीतरी हळू बोलली.

"नाही, मधूला नाही सांगितलं. तिला सांगितलं तर ती नोकरी सोडून दुपारची येऊन बसेल."

मधुवंती डबा हातात घेऊन उभी राहिली. तीन वर्षं, रोज सव्वा तास, आणि हे तिला माहीत नव्हतं. पहिल्यांदा तो जुनाच चटका बसला, तिला का, मला का नाही. मग ती नोकरी सोडून येऊन बसेल, हे दुसरं वाक्य हळूहळू आत उतरलं. दोन्ही एकाच वेळी होत होतं आणि एकाने दुसरं थांबत नव्हतं.

ती पुढे गेली असती तर तिच्या पावलांचा आवाज झाला असता आणि अण्णा बोलायचे थांबले असते. बॅटरीवर आले असते. देवश्री दुपारी परत जाणार होती. तिच्याकडे ही एवढीच सकाळ होती.

मधुवंती आली तशी मागे सरकली. फाटक आवाज न करता ओढून घेतलं, रस्त्याच्या पलीकडे स्कूटरवर डबा मांडीवर घेऊन बसली. कानिफनाथ बैल घेऊन चालला होता, त्याने विचारलं, "ताई, भायेरच का बसलाव?"

"बसले जरा," ती म्हणाली. "आत देवश्री आहे."